ज्याचा सण, तो यजमान

वाचकाचं पत्र

काकू, सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीत आमचं १८ फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, सिंधी अशी सगळी घरं आहेत. मी सेक्रेटरी झाल्यावर जानेवारीपासून हौसेनं ‘सर्वधर्म सणमाला’ सुरू केली. ठरलेले सण सगळ्यांनी मिळून खाली पार्किंगमध्ये करायचे, घरटी महिना ३०० रुपये. यादी सोबत जोडली आहे. सुरुवातीला सगळे खूश होते. मग एकेक बिनसत गेलं. रमजान ईदची तारीख मी मोबाईलवर बघितली, केटररकडून शिरखुर्मा मागवला, संध्याकाळी साडेपाचला कार्यक्रम ठेवला. दुसऱ्या मजल्यावरचं मुस्लिम कुटुंब आलं, पण वाट्या हातात घेऊन नुसतं बसून राहिलं. आम्ही आग्रह करत होतो. नंतर कळलं, चंद्र दिसलाच नव्हता, त्यांचा रोजा होता. भाभी एवढंच म्हणाल्या, “खरी ईद दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा कुणी आलं असतं तर बरं वाटलं असतं.” गुड फ्रायडेला मी ग्रुपवर फुलांचं चित्र आणि ‘हॅपी गुड फ्रायडे’ टाकलं, तर तळमजल्यावरच्या ख्रिश्चन आजी ग्रुप सोडून गेल्या. गणपतीच्या महाप्रसादाला दोन्ही जैन घरांतून कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं एक बौद्ध कुटुंब तर एप्रिलपासून वर्गणीही देत नाही आणि जिन्यात भेटलं तरी बोलत नाही. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. आता येत्या रविवारी मीटिंग आहे. ‘ज्यानं त्यानं आपापला सण आपापल्या घरात करावा’ असा ठराव येणार आहे. मिस्टर म्हणतात, सोडून दे, कशाला डोक्याला ताप. काकू, मी मनापासून केलं होतं. माझं काय चुकलं? आणि ठरावाला हात वर करू का?

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतची यादी तीनदा. यादीबद्दल शेवटी बोलते. तिच्यात एक गोष्ट राहून गेली आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अबोल्याचं कारण मला तिथं दिसतंय.

आधी सरळ उत्तर. ठरावाला हात वर करू नका. आणि सणमाला आहे तशी पुढंही चालवू नका. तुम्ही मनापासून केलंत यात मला शंका नाही. १८ घरांचे सण ध्यानात ठेवून वर्षभर राबणारी सेक्रेटरी किती इमारतींना मिळते? चुकलं ते एकाच ठिकाणी. दुसऱ्याच्या सणाचं यजमानपण तुम्ही स्वतःकडे घेतलंत. तारीख कमिटीनं ठरवली, वेळ कमिटीनं ठरवली, पदार्थ कमिटीनं ठरवला, आणि ज्यांचा सण त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. बाकी जे बिनसलं ते बहुतेक सगळं यातूनच आलंय.

ईदचंच घ्या. साडेपाच वाजलेत, रोजा सुटायला अजून अवकाश आहे. पहाटे सहरी करून दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेली माणसं पार्किंगमध्ये खुर्च्यांवर बसली आहेत. हातात शिरखुर्म्याची वाटी, आणि चारी बाजूंनी शेजारी म्हणताहेत, “घ्या की, तुमचाच सण आहे.” नाही म्हणावं तर एवढं केलेल्या शेजाऱ्यांना वाईट वाटणार, खावं तर रोजा मोडणार. तरी त्यांनी वाटी बाजूला ठेवली नाही, हातात धरून बसले. तुमचं मन राखायला बसले, ताई. हे लक्षात घेतलंत तर भाभींचं ते एक वाक्य तक्रारीसारखं वाटणार नाही. “दुसऱ्या दिवशी कुणी आलं असतं तर” म्हणजे त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं.

इस्लामी महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे २९व्या दिवशी सूर्य मावळल्यावर चंद्रकोर दिसते की नाही त्यावर ठरतं. दिसली तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. मोबाईलवर तुम्ही पाहिलीत ती बहुधा सौदीतली तारीख असणार. तिकडं ईद आपल्याकडच्यापेक्षा बहुतेक वेळा एक दिवस आधी येते. शिवाय चंद्राचं ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. यंदाची यादी पुढच्या वर्षी तशीच छापली तर पुन्हा हेच होईल. पण हे सगळं कळायला काही अभ्यास करावा लागत नाही. एक जिना चढून “भाभी, यंदा ईद कधी हो?” विचारलं असतं, तर “चांद दिसला की सांगते” असं उत्तर आलं असतं. तेवढ्यात सगळं आलं.

माझं लहानपण मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. शेजारचं घर मुस्लिम, त्यांनाही आम्ही भाभीच म्हणायचो. ईदच्या सकाळी घरातले पुरुष ईदगाहवरून नमाज पढून आले की तासाभरात भाभींचा मधला मुलगा कडीचा डबा घेऊन आमच्या दारात. अंगात नवाकोरा सदरा, कानात अत्तराचा फाया. डबा एवढा कढत असायचा की कडीला रुमाल गुंडाळून धरायचा. आईनं झाकण काढलं की तुपात परतलेल्या शेवयांचा आणि खारकांचा वास माजघरापर्यंत जायचा, वर चारोळ्या तरंगत असायच्या. डबा लगेच परत जायचा नाही. रिकामा डबा धाडायचा नाही, ही तेव्हाची रीत. दोन-चार दिवस तो आमच्या फळीवर राहायचा, मग त्यातून धपाटी, कडबोळी, काहीच नसलं तर वाटीभर साखर जायची. दिवाळीला आमचा डबा तिकडं जायचा आणि तोही असाच सावकाश, भरून यायचा. आईला शिरखुर्मा चांगला करता येत होता, भाभींनीच शिकवला होता. पण ईदला तिनं तो कधी केला नाही. “आज डब्याची वाट बघायची असते,” म्हणायची. वाडा पाडला तेव्हा त्यातला एक डबा आमच्याकडंच राहिला. तळाला भाभींच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे. मी तो अजून वापरात काढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, काकू, वाड्याचे दिवस गेले, मग इमारतीनं एकत्र काही करायचंच नाही का? करायचं की. आपल्या गावात दोन सण एका मांडवात झालेले आहेत. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम गणेशोत्सवात आला होता. हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. भाद्रपद आणि मोहरम दोन्ही महिने अमावास्येनंतर सुरू होतात. ते एकाच अमावास्येला धरून आले की चतुर्थीला गणपती बसतो, त्यानंतर आठेक दिवसांनी मोहरमची दहावी तारीख, आणि तिच्या मागोमाग अनंत चतुर्दशी. आपलं पंचांग साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ऋतूंशी जमवून घेतं, इस्लामी पंचांग तसं करत नाही. म्हणून २०१८चा अधिक ज्येष्ठ आणि २०२०चा अधिक आश्विन यांच्या मधल्या तीन गणपतींना हा योग आला, आणि २०२१ला मोहरम श्रावणात गेला. असा फेरा तेहतीसेक वर्षांनी येतो. त्याआधीचा आला तो १९८६च्या आसपास. मी तेव्हा कॉलेजात होते.

आमच्या गल्लीतल्या तालमीत तेव्हा एका अंगाला गणपती बसला होता, दुसऱ्या अंगाला पीर पंजे, म्हणजे मोहरमला बसवतात ते हाताच्या आकाराचे पंजे. आरती झाली की झांजा खाली ठेवायच्या, मग पंज्यांपुढं ऊद घालायचा. गल्लीतल्या किती मराठा घरांतून पिराला मलिदा आणि चोंगे जायचे, पोरांना नवसानं फकीर करायचे. बाबूजमाल तालमीची तर ओळखच या एकत्र नांदण्यातून झालेली आहे, आणि शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

पण हे का टिकलं? तिथं प्रत्येकाला मान होता म्हणून. शुभेच्छा देऊन भागत नव्हतं. पंजाला हात कुणी लावायचा, ऊद कुणी घालायचा, आरतीचं तबक कुणाकडं, पालखीला खांदा कुणाचा, सगळं ठरलेलं. मान म्हणजे काम, आणि ते काम तुमचं हक्काचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत बघा. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या सासनकाठीचा, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठीचा, मग बाकीच्या आपापल्या क्रमानं. काठी एक जण पेलतो, पण तिला तोलून धरणारे दोर चौफेर दुसऱ्यांच्या हातात असतात. आषाढात गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला जातं, पुढं पी-ढबाक वाजत असतं, त्यातही घागर कुणाच्या डोक्यावर हे ठरलेलं असतं. तुमच्या सणमालेत १७ घरांना खुर्ची होती, मान नव्हता. एका घरानं सगळं केलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, हे किती दिवस चालणार?

आता आजींचं. मोहरमवरून मला माझीच एक चूक आठवते, ती सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. नोकरीचं पहिलं वर्ष. सगळ्या सणांना फळ्यावर रंगीत खडूनं शुभेच्छा लिहायचं काम माझ्याकडं होतं. मोहरमच्या आदल्या दिवशी मी वेलबुट्टी काढून ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं. एका विद्यार्थ्याचे वडील पोराला न्यायला आले होते. त्यांनी फळा वाचला, जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, हा दुःखाचा दिवस असतो.” इमाम हुसेन करबल्यात शहीद झाले तो दिवस, इसवी सन ६८०. मी वाड्यात भाभींच्या शेजारी वाढलेली, चोंगे खाल्लेली, पंजे पाहिलेली, आणि मला हे उमगलं नव्हतं. मिरवणूक आणि वाद्यं पाहिली होती, त्यामागं काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. मी डस्टर घेऊन फळा पुसला तेव्हा माझे हात थरथरत होते.

गुड फ्रायडे तसाच. ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळलं तो दिवस. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळलेला असतो. त्या दुपारी चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर चिंतन चालतं, कुणी मोठ्यानं बोलत नाही. अशा वेळी घरी येऊन फोन उघडावा आणि गुलाबाच्या फुलांवर ‘हॅपी’ लिहिलेलं दिसावं. आनंदाचा दिवस तिसरा, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी शुभेच्छा जरूर द्या, जाऊन द्या.

आजींना ग्रुपमध्ये परत घेण्याचा आग्रह आत्ता करू नका. त्यांच्याकडं बसायला जा. आपल्याकडची ख्रिश्चन मंडळी किती जुनी आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. इथल्या प्रार्थना मराठीत होतात, रेव्हरंड टिळकांची भजनं गायली जातात, अभंगाच्या चालीत. नाताळला कमिटीनं केक आणून पार्किंगमध्ये कापण्याआधी आजींना विचारा, तुमच्याकडं नाताळ कसा असतो? मराठी ख्रिश्चन घरांत केकाच्या जोडीनं करंज्या आणि चकल्याही होतात. आजींनी म्हटलं, ये करंज्या भरायला, तर जा. तो मान समजा.

जैन घरांबद्दल तुमची थोडी गैरसमजूत झाली आहे. त्यांनी महाप्रसाद नाकारला नाही. यादीत तुम्ही लिहिलंय, महाप्रसाद रात्री नऊला, बटाट्याची भाजी, मसालेभात. ताई, दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि चतुर्दशीला संपतं. म्हणजे तुमच्या गणपतीचे दिवस तेच त्यांचे वर्षातले सगळ्यात कडक व्रताचे दिवस. कुणी एकभुक्त, कुणी निर्जळी. कंदमूळ तर एरवीही चालत नाही, आणि सूर्य मावळल्यावर जेवण नाही. तुम्ही नऊला ताट मांडलंत, ते त्या वेळी जेवतच नाहीत. पुढच्या वर्षी महाप्रसाद दुपारचा करा. भाजी कुठली चालेल ते त्यांनाच विचारा, कारण चातुर्मासात कुठल्या घरात काय सोडलेलं असतं ते बाहेरून कळत नाही. कदाचित एवढं करूनही ते येणार नाहीत, व्रत चालू असेल. तर तेही ठीक. दशलक्षण संपल्यावर क्षमावाणी असते, वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडं जा. याहून चांगला मुहूर्त नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधी घराचा चेटीचंड, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, असतो, हेही यादीत नाही. गांधीनगरला कापड घ्यायला आपण वर्षानुवर्षं जातो, तेव्हा एवढं माहीत असायला हरकत नव्हती. त्यांच्याकडं गोड भात होतो, तो खायला जा. बसव जयंती तुम्ही अक्षय्य तृतीयेला बरोबर टाकली आहे.

वर्गणीचं थोडक्यात सांगते. महिना ३०० रुपये बंद करा. सणाची वर्गणी स्वखुशीची असावी, मेंटेनन्सच्या पावतीत ती मिसळू नये आणि न देणाऱ्याचं नाव बोर्डावर लागू नये. ज्याला द्यायचं नाही त्याला कारण विचारू नका.

आता ठराव. मांडणाऱ्यांवर रागावू नका, त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. सण घरातच सुरू होतो. तो दुसऱ्यानं पार्किंगमध्ये उचलून आणला की त्याचा कार्यक्रम होतो. शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली तेव्हाची गोष्ट मला इथं मोलाची वाटते. १८९६ साली त्यांनी सगळ्यांसाठी मिळून एक वसतिगृह काढलं. हेतू चांगला होता, पण थोड्याच काळात ते एकाच वर्गाच्या मुलांचं होऊन बसलं. नाव सगळ्यांचं, राहायला एकच जण. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ साली मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, पुढं लिंगायतांचं, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांचं, आणखी कितीतरी. प्रत्येकाला स्वतःचं छप्पर, स्वतःची चूल, स्वतःचा कारभार, आणि मागं दरबारचा हात. महाराजांनी माणसं वेगळी केली, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तसं वाटत नाही. ज्याच्या पायाखाली स्वतःचं घर आहे तोच दुसऱ्याला ‘या’ म्हणू शकतो. दसरा चौकात उभं राहून त्या इमारती एकदा नीट बघा. दसऱ्याला सोनं लुटायला सगळं गाव त्याच चौकात जमतं.

पण ठरावाचं उरलेलं अर्धं मला मान्य नाही. ‘आपापल्या घरात’ म्हणताना त्यात दार लावून घेणंही येतं. म्हणून रविवारी तुम्ही दुसरा ठराव मांडा. ज्या घराचा सण, ते घर यजमान. त्यांनी बोलावलं तर बाकीची घरं जातील. पार्किंग, खुर्च्या, टेबलं, मोठी पातेली, लाइट हे सगळं सोसायटी फुकट देईल, कुणाच्याही सणाला, सारख्याच मायेनं. त्या दिवशी काय मदत लागेल ते यजमान सांगतील, आणि ती करायला एक-दोन घरं आपणहून पुढं येतील. कुणाला घरातल्या घरातच करायचं असेल तर कुणी नाक मुरडायचं नाही. प्रसाद कुणी घेतला नाही तर त्याचा अर्थ काढायचा नाही. काही घरांत तो चालत नाही, त्यात तुमच्या देवाचा अपमान नाही. आणि ‘सगळे मुस्लिम असं करतात’, ‘जैन लोकांत असं असतं’ हे बोलणं सोडून द्यायचं. पंजे मानणारी मुस्लिम घरं आहेत, न मानणारीही आहेत. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर काय आहे ते दुसऱ्या मजल्यालाच ठाऊक.

गणपतीचं वेगळं, तो १८ घरांतल्या बहुतेकांचा आहे, पार्किंगमध्येच बसवा. फक्त कामं वाटताना ‘त्यांना कसं सांगायचं’ म्हणून कुणाला वगळू नका आणि फोटोला बरं दिसेल म्हणून कुणाला पुढंही ओढू नका. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा इलेक्ट्रिकचं काम करतो असं तुम्ही यादीच्या मागं लिहिलंय. रोषणाई करशील का, असं विचारा. हो म्हणाला तर ती पूर्ण त्याच्यावर सोडा.

आता तुमची यादी.

जानेवारीत संक्रांत, फेब्रुवारीत शिवजयंती, मार्चमध्ये पाडवा आणि ईद. एप्रिलच्या रकान्यात महावीर जयंती आणि गुड फ्रायडे. मग बसव जयंती, बेंदूर, गणपती, दसरा, दिवाळी, नाताळ. नाव सर्वधर्म सणमाला. यात १४ एप्रिल नाही. बुद्ध पौर्णिमाही नाही. दसऱ्यापुढं कंसात शिलंगण लिहिलंय, धम्मचक्र प्रवर्तन दिन नाही. जयंती म्हणजे सण नव्हे म्हणून राहिली असेल, असं मी आधी मनाशी म्हटलं. पण तीन जयंत्या यादीत आहेत.

तुम्ही मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. वगळलंय हे तुमच्या लक्षातही आलेलं नाही, हे पत्रावरून कळतंच. पण त्यांच्या बाजूनं बघा. जानेवारीत तुम्ही घरोघरी यादी दिलीत, त्यांनी ती वाचली असणार. तरी जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने त्यांनी पैसे दिले. कुणाच्या तरी ध्यानात येईल म्हणून वाट बघितली असेल. मग १४ एप्रिल आला. त्या सकाळी पांढरे कपडे घालून ती माणसं जिना उतरली असतील, आणि पार्किंगमधल्या बोर्डावर आदल्या कार्यक्रमाचे फोटो असतील. कुणी ‘जय भीम’ म्हटलं नसेल. वर्गणी त्या महिन्यापासून थांबली, त्यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि शाहू महाराजांनी स्वतः तिथं जाऊन, हाच तुमचा पुढारी, असं समाजाला सांगितलं. तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते. बिंदू चौकातला त्यांचा पुतळा १९५० साली उभा राहिला, ते हयात असताना. तुम्ही राजारामपुरीतून अंबाबाईला जाताना त्या चौकातून कितीदा गेला असाल.

इतर घरांत जायला उशीर झाला तरी चालेल. भाभी वाट बघतील, आजींचा राग ईस्टरपर्यंत निवळेल, जैन मंडळी रागावलेली नाहीतच. तिसऱ्या मजल्यावर मात्र मीटिंगच्या आधी जा, शनिवारी संध्याकाळी. मीटिंगचं नाव काढू नका, नाही तर मत मागायला आलात असं वाटेल. कमिटीला सोबत नेऊ नका, मिठाईचा बॉक्स नको. दार उघडल्यावर एवढंच म्हणा, यादीत तुमचा दिवस नव्हता, ती माझी चूक आहे, मला ती आत्ता कळली. त्यापुढं खुलासा करू नका. ‘लक्षातच आलं नाही हो’ हे तर अजिबात म्हणू नका, दुखणं नेमकं तेच आहे. पुढच्या वर्षी मोठी जयंती करू असं वचनही देऊ नका, ती करायची की नाही आणि कशी, हे तेच सांगतील. ते काही बोलले तर ऐकून घ्या, कडू असलं तरी मध्ये तोडू नका. नाही बोलले तर नमस्कार करून खाली या आणि पुन्हा जिन्यात भेटाल तेव्हा पहिल्यांदा तुम्ही बोला.

यादीचा कागद घरी ठेवून जा. एकट्या जा. आणि त्यांनी आत बोलावून चहा विचारला, तर नको म्हणू नका.

तुमची,
काकू